घरी टक्केच लागतात

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, पुण्याहून घरी जायचं म्हणून बॅग भरत होते, तेवढ्यात वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडला, रिझल्ट लागलाय. डिसेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. पोर्टल दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा उघडलं. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची दहापैकी सरासरी, ६.०९.

मी आधी वरचं नाव बघितलं. माझंच होतं. मग सीट नंबर. मग आईचं नाव. आईसुद्धा माझीच होती.

डिप्लोमाला मला ९३.१४ टक्के होते. मेकॅनिकल, आणि तेही मुलगी, त्यामुळं आमच्या तंत्रनिकेतनाच्या गेटवर फ्लेक्स लागला होता. त्या फोटोत माझ्या डोक्यावरून ओढणी का आहे ते आजपर्यंत कळलेलं नाही, कारण ओढणी मी घालतच नाही. फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं लावली असणार. निलंग्यात काही दिवस लोक मला त्या फ्लेक्सवरून ओळखत होते. आणि सहा महिन्यांत, इंजिनिअरिंगच्या डिग्रीला, ही ६.०९.

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला एसजीपीए सांगून उपयोग नसतो. लातूर पॅटर्नचा जिल्हा आहे तो. दहावी-बारावीच्या निकालादिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे विचारतात. ‘सिक्स पॉइंट झीरो नाइन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हंजी टक्के किती?’ आता टक्के काढायचे दोन मार्ग आहेत. एक, सरळ दहानं गुणायचं, ६०.९ येतात. दुसरा एआयसीटीईचा, म्हणजे दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेचा, त्यात आधी पाऊण वजा करायचा आणि मग दहानं गुणायचं, ५३.४ येतात. आमच्या कॉलेजच्या मार्कशीटमागे दुसरा छापलेला आहे. मी गाडीत बसेपर्यंत पहिला निवडला होता.

---

पुढचं कळायला ९३.१४ कुठून आले ते सांगावं लागेल.

मी डिप्लोमाला गेले ते दहावीनंतर. २०२१ ची बॅच, म्हणजे ज्यांची दहावीची परीक्षाच झाली नाही ते आम्ही. नववीचे मार्क आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन यांवर पास झालो. वर्गातल्या हुशार म्हणवल्या जाणाऱ्या मुली लातूरला नीटच्या क्लासला गेल्या. पप्पा साखर कारखान्यात फिटर. त्यांचं म्हणणं, दोन वर्षं क्लासची फी भरून नंतर नशीब बघायचं, त्यापेक्षा तीन वर्षांत हातात काहीतरी येऊ दे. मलाही मशीनचा राग नव्हता. गेले.

एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, पेपर सत्तर मार्कांचा. पहिला प्रश्न दहा मार्कांचा, दोन-दोनचे सात तुकडे, त्यातले कुठलेही पाच सोडवा. पुढचे पाच प्रश्न बारा-बाराचे, त्यातही ‘एनी थ्री’, ‘एनी टू’. राहिलेले तीस मार्क आमच्या वेळी क्लास टेस्ट आणि मायक्रो प्रोजेक्टचे होते. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे मॉडेल आन्सर. परीक्षा झाली की मंडळ स्वतःच उत्तरपत्रिका वेबसाइटवर टाकतं. वरती परीक्षकांना सूचना असतात, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं की उत्तर शब्दशः बघू नका, की-वर्ड बघा.

ही सूचना परीक्षकांसाठी होती. मी ती स्वतःसाठी वाचली. मागच्या पाच-सहा पेपरांची मॉडेल आन्सर काढायची, कुठला प्रश्न किती वेळा आला त्याच्या खुणा करायच्या, की-वर्ड हिरव्या पेननं वहीत उतरवायचे. पेपरात की-वर्डखाली रेघ, आकृती पेन्सिलनं, एकक न विसरता, शेवटच्या उत्तराला चौकट. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला, म्हणजे एसओएमला, सत्तरपैकी सहासष्ट होते मला. चार कुठं गेले म्हणून फोटोकॉपी मागवणार होते.

याला कुणी घोकंपट्टी म्हटलं की मला अजून राग येतो. त्यात कष्ट होते. पहाटे चारला उठून पॅरलल ॲक्सिस थिअरमची तीस-तीस गणितं मी केलेली आहेत, आणि आजही कुठल्याही सेक्शनचा एमआय (मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे तो आकार वाकायला किती विरोध करतो त्याचा आकडा) मी वर्गात सगळ्यांच्या आधी काढते. फक्त तो कशासाठी काढायचा हे ठरवायची वेळ तीन वर्षांत आली नाही. ते प्रश्नातच लिहिलेलं असायचं.

---

डिप्लोमावाल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डायरेक्ट सेकंड इयरला, जाताना प्रवेश परीक्षा नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या होतात. त्याच वर्षी, २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकार पूर्ण भरणार असा निर्णय आला होता. पप्पांनी तो पेपरातून कापून पाकिटात ठेवला. पुण्यातलं जुनं, स्वायत्त, नाव असलेलं कॉलेज मिळालं. नाव लिहीत नाही. पुढं थोडी तक्रार करायची आहे.

तक्रार आत्ताच करून टाकते. आमचे राउंड संपून मी वर्गात पाय ठेवला तेव्हा सेमिस्टर सुरू होऊन सहावा आठवडा चालू होता. आठव्या आठवड्यात मिडसेम. होस्टेलची यादी आमच्या आधीच भरलेली, म्हणून नवी पेठेत कॉट बेसिसवर राहिले. खोलीतल्या बाकी तिघी एमपीएससीवाल्या. त्या रात्री दोनपर्यंत चालू घडामोडी एकमेकींना विचारायच्या, त्यामुळं पहिल्या सेमिस्टरमध्ये माझं राज्यपालांचे अधिकार हे प्रकरण थर्मोडायनॅमिक्सपेक्षा पक्कं झालं.

साठ-सत्तरच्या वर्गात आम्ही डिप्लोमावाले सात. बाकीचे सीईटीला अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव पर्सेंटाइल पाडून आलेले. त्यांनी पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू, म्हणजे गणिताचे पहिले दोन पेपर केलेले. आम्ही ते वर्ष ओलांडून थेट एम-थ्रीच्या वर्गात. माझ्या पहिल्याच तासाला सर लाप्लास ट्रान्सफॉर्म शिकवत होते. फळ्यावर शून्य ते अनंत असं इंटिग्रल लिहिलं आणि म्हणाले, “इथून पुढे डीयूआयएस लावा, एम-टूमध्ये झालंय तुमचं.” डीयूआयएस मला एखाद्या सरकारी योजनेचं नाव वाटलं. शेजारचा मुलगा न थांबता लिहीत होता. मी पण लिहायला लागले, काहीतरी लिहीत असल्यासारखं दिसावं म्हणून. त्या दिवशीची वही अजून आहे. अर्धं पान झाल्यावर नुसत्या लाटा लाटा आहेत.

आमच्यासाठी शनिवारी ब्रिज कोर्स होता. दोन सेमिस्टरचं गणित आठ शनिवारांत. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, त्यांचा दोष नाही. पण सोमवारी जे लागणार होतं त्याचा पाया तीन आठवड्यांनी शनिवारी यायचा.

---

पण गणिताचं मला फार लागलं नाही. गणित येत नाही हे मला माहीत होतं, मार्क कमी पडणार हेही. लागलं ते एसओएमचं. तो माझा विषय होता. मिडसेमच्या आदल्या रात्री मी त्याला हातही लावला नाही, सगळा वेळ लाप्लासला दिला.

पेपरात चौथा प्रश्न होता. बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा टी-सेक्शन बीम. दोन्ही टोकांना टेकवलेला, वरून भार. मापं दिलेली. हा बीम फ्लँज (टीची आडवी पट्टी) वर करून बसवाल की खाली करून? कारण द्या. हाच बीम कॅन्टिलिव्हर केला (एकच टोक भिंतीत, दुसरं मोकळं) तर तुमचं उत्तर बदलेल का? दहा मार्क.

मला वाटलं, आपलाच प्रश्न. सेंट्रॉइड काढला, एमआय काढला, बेंडिंगचं सूत्र लिहिलं, वरचा स्ट्रेस, खालचा स्ट्रेस, तीन दशांशांपर्यंत, चौकट. मग दिलेल्या वेळात आडवे-उभे सगळे आकडे परत तपासले. फ्लँज वर की खाली, ते मात्र लिहिलं नाही. म्हणजे विसरले असं नाही. मी तो प्रश्न वाचला, आणि त्यात ‘काढा’, ‘सिद्ध करा’, ‘आकृती काढून वर्णन करा’ यातलं काहीच नसल्यामुळं मला तो प्रश्नच वाटला नाही. प्रस्तावना वाटली.

दहापैकी चार. पेपरात माझ्या चौकटीशेजारी सरांनी लाल पेननं एकच शब्द लिहिला होता: ‘मग?’

तो ‘मग?’ मला बरेच दिवस चावत होता. आकडे सगळे बरोबर होते. डिप्लोमाला त्याच उत्तराला साडेनऊ पडले असते, की-वर्ड होते ना.

आणि इथं दुसरी भानगड म्हणजे रिलेटिव्ह ग्रेडिंग. डिप्लोमाला चाळीस म्हणजे पास, मग वर्गात कुणाला किती का पडेनात. इथं वर्गाची सरासरी काढतात आणि तुम्ही तिच्यापासून किती वर-खाली त्यावर ग्रेड. एए म्हणजे दहा, तिथून उतरत डीडी म्हणजे चार, एफएफ म्हणजे बसा परत. एसओएमला एन्डसेम धरून माझे शंभरात बावन्न झाले. बावन्न काही वाईट नाहीत. पण वर्ग सत्तरच्या आसपास होता. मिळाला सीडी. एम-थ्रीला एक्केचाळीस, डीडी. मशीन ड्रॉइंगला एबी आणि वर्कशॉपला एए मिळाला, पण त्यांना दोन-दोनच क्रेडिट, म्हणजे सरासरीत वजन कमी. जे मला येतं त्याला इथं क्रेडिट कमी आहेत, हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच बघायला हवं होतं.

इंग्रजीमुळं असं झालं असेल, असं गावाकडच्या सगळ्यांना वाटतं. नाही. इंग्रजीत लिहायची सवय डिप्लोमातच झाली होती. डिप्लोमावाले कच्चे असतात, असं वर्गातल्या काहींना वाटतं. तेही नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांनी व्हर्निअर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी शेजारी उभी होते. मला खरं कारण जे वाटतं ते थोडं लाजिरवाणं आहे. मार्क कुठं ठेवलेले असतात हे मला तीन वर्षं माहीत होतं, आणि मी त्यालाच विषय येणं समजत होते.

---

तर येळवस. बाहेरच्यांना कळावं म्हणून, ही वेळा अमावस्या मुख्यतः लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली. मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात. ज्वारी पोटरीत आलेली, कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, आणि भज्जी, उंडे, आंबील, खीर. पुण्यातल्या मुलींना भज्जी म्हटलं की कांदाभजी डोळ्यांपुढं येतात. ही भज्जी म्हणजे कोवळे दाणे, शेंगा आणि रानात मिळेल त्या भाज्या बेसनाच्या पिठात रटरटवलेलं पातेलं. असो. ते लिहायला वेगळं पान लागेल.

कोपीपुढं पंगत बसली आणि मोठ्या काकूंनी आंबिलीचा तांब्या हातात असतानाच विचारलं, “पुण्याचे टक्के किती गं?”

“एकसष्ट.”

तांब्या थोडा थांबला. “एकसष्ट? ते त्र्याण्णव होते ना?”

“तिथं सगळ्यांनाच कमी पडतात.” हे खोटं होतं. तिथं पुष्कळांना नऊच्या वर होतं. पण आईनं लगेच, “हो, लई अवघड कॉलेज हाय ते,” म्हणून माझी बाजू घेतली आणि माझ्या ताटात आणखी एक उंडा टाकला. पप्पा काही बोलले नाहीत. हंगाम चालू, कारखान्यातून एकाच दिवसाची सुट्टी मिळालेली, ते जेवून कोपीच्या सावलीत झोपले.

रात्री लातूरला गाडीवर सोडायला तेच आले. सकाळी एमआयडीसीतून कसलीतरी बेअरिंग न्यायची होती, मुक्काम मावशीकडं करणार होते. एक्स्प्रेसला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर थंडी मरणाची. चहा घेतला. मी म्हटलं, “पप्पा, एकसष्ट नाहीत. त्रेपन्न पॉइंट चार आहेत.”

“कळलं होतं मला.”

“कसं?”

“एकसष्टाला पॉइंट सांगितला नाहीस.”

मग मला रडू यायला लागलं आणि ते “रडलालीस काय, लोक बघलालेत,” म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. काहीतरी बोलायचं म्हणून मी तो बिडाचा प्रश्न सांगितला. त्यांना टी-सेक्शन म्हणजे काय ते बोटांनी दाखवावं लागलं नाही.

“खाली,” ते म्हणाले. “आडवी पट्टी खाली. भार आला की खालची बाजू ताणली जाती. बीड दाबाला किती बी घे म्हणतं, ताणाला कच्चं. जिथं फाटणार तिथं माल पाहिजे.”

“आणि एकच टोक भिंतीत असलं तर?”

“मग उलट. मग वरून फाटंल.”

चहाचा कपही खाली ठेवला नव्हता त्यांनी. अशा वेळी मुलीला बापाचा अभिमान वगैरे वाटायला हवा. मला खरं सांगायचं तर भयंकर राग आला. स्वतःचा, सत्तरपैकी सहासष्टचा, आणि थोडा त्यांचाही, की हे आधी का नाही सांगितलं. पण मी आधी विचारलं कधी होतं? तीन वर्षं माझी पुस्तकं घरात होती आणि बिडाचं मशीन रोज उघडणारा माणूस शेजारच्या खोलीत. मी त्यांना आवाज कमी करा एवढंच सांगायचे, अभ्यास चाललाय म्हणून.

गाडी लागल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, “घरी एकसष्टच राहू दे. तुझ्या आईनं मामाला सांगून टाकलंय.”

---

दुसरं सेमिस्टर चमत्काराचं नव्हतं. पुण्यात आल्यावर मी पप्पांचं उत्तर घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. पहिल्यांदाच कुणा सरांच्या केबिनमध्ये सही घ्यायला न जाता गेले होते. सर म्हणाले, “बरोबर. आता मला आकड्यात दाखवा.” तेव्हा माझा तो तीन दशांशांचा एमआय कामाला आला. फ्लँज खाली घेतला की न्यूट्रल ॲक्सिस (जिथं ना ताण ना दाब ती रेघ) खाली सरकतो, तळाचं अंतर कमी होतं, म्हणून ताणाचा स्ट्रेस कमी आणि दाबाचा जास्त. आणि बिडाला दाब तीन-चार पट जास्त झेपतो. आकडे माझ्या मिडसेमच्या पेपरात आधीच लिहिलेले होते. चौकटीत.

एम-थ्री मला कोल्हापूरच्या एका मैत्रिणीनं शिकवलं, जी प्रत्येक गणिताला “काय न्हाय गं, लई सोपं हाय” म्हणून सुरुवात करते आणि खरंच सोपं करते. बदल्यात मी तिला लेथवर उभं केलं आणि ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सची भीती घालवली. सौदा तिच्यापेक्षा माझ्या फायद्याचा होता, हे दोघींनाही माहीत आहे. संध्याकाळी अभ्यासिकेत बसते. तिथं आजूबाजूला सगळे स्पर्धा परीक्षेवाले. काही जण चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला. तिथं कुणी टक्के विचारत नाही.

हिरवा पेन अजून आहे. सवय सुटत नाही. जुन्या पेपरांच्या खुणा अजून करते, पण आता खूण केल्यावर शेजारी ‘मग?’ लिहून ठेवते. अर्ध्या वेळी त्याचं उत्तर मिळत नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या वहीत तर ओळीनं नुसते ‘मग?’ आहेत.

जूनमध्ये चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला. ६.८६. मी स्वतःशीच पाऊण वजा करून दहानं गुणलं आणि मोठ्यानं हसले. रूममेटनं विचारलं काय झालं, तर तिला समजावून सांगता येईना.

पप्पांना फोन लावला. कारखाना बंद, ओव्हरहॉलिंग चालू, मागं घण पडत होता.

“किती?” त्यांनी ओरडून विचारलं.

“एकसष्ट पॉइंट एक.”

घण थांबला. थोडा वेळ काहीच आवाज नाही.

“खरे?”

“खरे.”

“मग आता पंचाईत झाली की,” पप्पा म्हणाले. “एकसष्ट तर मागंच सांगून बसलाव आपण. तुझ्या काकूला काय सांगू?”